तोंडानं म्हणा, उचला

बाबा, गोदाम आज रिकामं आहे. दऱ्या, स्वयंपाकाचे गंज, कूलर, ताडपत्र्या, सगळं बाहेर लागलं आहे, जुने पितळी गंज तेवढे उरलेत, आणि एका पायानं लंगडी झालेली प्लास्टिकची खुर्ची घेऊन मी दारात बसले आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "रिकाम्या गोदामात बसून का करतं वं, घरी जाय." घरी जायचं नाही मला. घरी पाहुणे यायला लागलेत, हळदीचं आणि अहेराचं चाललं आहे, आणि येणारा प्रत्येक जण मला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारतो आहे. तुमच्या नातीचं लग्न आहे पुढच्या आठवड्यात. आपल्याच मैदानावर, कन्हान नदीच्या काठाला. आणि सगळ्यांना जाणून घ्यायचं आहे की त्या दिवशी आपल्या खापा गावात कोणी वारलं, तर मी काय करणार.

तुमची शर्त मी जशीच्या तशी ठेवली आहे. लग्नासाठी बिछायत भाड्यानं घ्यायला माणूस आला की आधी पाणी देते, मग तारीख विचारते, आणि सामान किती लागेल हे बोलायच्या आधी तुमचंच वाक्य म्हणते. गावात मयत झाली तर वरची ताडपत्री, दऱ्या, खुर्च्या, पाण्याचे ड्रम, जे लागेल ते तुमच्या मांडवातून उचलून मयतीच्या घरी नेईन. लग्न चालू असलं तरी नेईन. चालत असेल तर तोंडानं म्हणा, उचला. नुसती मान हलवलेली मी धरत नाही, तुम्हीही धरत नव्हता. लोक हसतात. बायका नवऱ्याला कोपरानं ढोसतात, की कायले असं अभद्र ऐकून घेता, चला दुसरीकडे. काही जण उठून जातातही. बाकीचे इकडेतिकडे पाहतात आणि हळूच म्हणतात, "उचला." तुमची नात नागपूरला मिहानमध्ये कंपनीत कामाला आहे, तिनं मला सुचवलं होतं की आई, हे टर्म्स अँड कंडिशन्समध्ये टाक, खाली बारीक अक्षरात. मी तिला म्हटलं, बारीक अक्षरातलं कोणी वाचत नाही, म्हणूनच ते बारीक असतं. आपलं हे वाचायचं नाही, बोलायचं आहे.

बाकी पुष्कळ बदललं. मैदानाला लोक आता लॉन म्हणतात, गवताचं पान दाखवा म्हटलं तर नाही. स्टेजच्या मागे फुलांची भिंत लागते, ती कापडाच्या फुलांची असते आणि दर लग्नानंतर मी ती झटकून ठेवते. पितळी गंज कोणाला नको असतात, जड होतात. मी ते विकले नाहीत. नवरा-नवरी आता धुरातून चालत येतात, त्याचं मशीन आहे, तेही मी घेतलं. तुम्ही पाहिलं असतं तर विचारलं असतं, आग कुठं लागली म्हणून. मुहूर्ताचे लोक येतात, विहारातून येतात, बिनमुहूर्ताचे येतात. सामान सगळ्यांना तेच जातं आणि शर्तही सगळ्यांना तीच. बिछायतवालीण म्हणून पहिल्या हंगामात माझ्याकडे लोक वाकडं पाहत, मांडवाच्या बल्ल्या रोवताना पदर खोचून उभी राहते म्हणून. आता पाहत नाहीत. आता मला पाहून गडी खड्डे जास्त खोल खणतात, नाहीतर मी परत खणायला लावते हे त्यांना ठाऊक झालं आहे.

माझ्या लग्नाविषयी तुम्ही कधी बोलला नाहीत. मग मीच बोलते. उन्हाळ्याची भर दुपार आहे. नदी आटून पार त्या काठाला गेली आहे, मधे नुसती वाळू आणि वाळूत खरबुजांच्या डांगरवाड्या. मैदानावर तुम्ही बांधलेला मांडव आहे, खाली लाल-पिवळं कापड, वर ताडपत्री, गावात आजवर कोणासाठी एवढा मोठा बांधला नव्हता तुम्ही. वऱ्हाड येऊन टेकलेलं आहे. मी आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसले आहे, आणि बाहेर दोर सुटल्याचा आवाज येतो. बिछायतवाल्याची पोर मी, मांडव बांधतानाचा आवाज वेगळा आणि सोडतानाचा वेगळा, हे मला पाळण्यापासून माहीत. मी बाहेर येते तर तुम्ही शिडीवर. नव्या धोतरात. डांगरवाडीतली म्हातारी तिथंच वाळूतल्या झोपडीत गेली होती, तिचा मुलगा नागपूरहून यायचा होता, आणि तो येईपर्यंत मयतीला आलेली माणसं तापलेल्या वाळूवर उभी होती. ताडपत्री सलग होती, अर्धी काढता येत नव्हती. तुम्ही सगळीच सोडली. हाताखाली माणसं होती, पण त्या दिवशी एकाही गाठीला तुम्ही दुसऱ्याचा हात लागू दिला नाहीत. माझे सासरे तरातरा चालत आले आणि म्हणाले, "हे कोणाले विचारून करून राहिले तुम्ही?" तुम्ही शिडीवरूनच म्हणालात, "पोरीच्या बापाले विचारलं. थो म्हणाला, उचला."

लोक हसले. मी नाही हसले. मी शिडीपाशी आले आणि म्हटलं, बाबा, आजच्या दिवशी तरी नका ना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. दोर ओढता ओढता म्हणालात, "ऊन लागलं म्हणून कोणाचं लगन थांबत नाही. थे म्हातारी का आपला दिवस पाहून गेली? जाय, उभी राय पाटावर." मग वऱ्हाडाच्या खुर्च्या उठल्या, पाण्याचे ड्रम बंडीवर चढले, आणि माझी मंगलाष्टकं त्या पातळ लाल कापडाखाली झाली. कापडातून ऊन लालेलाल होऊन आमच्या अंगावर पडत होतं. तुमचे जावई घामानं निथळत होते आणि अक्षता कपाळाला चिकटत होत्या. मला रडू येत होतं ते सासरी जायचं म्हणून आहे असं सगळ्यांना वाटलं. रागानं रडत होते मी.

त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. काटोलला सासूबाईंनी ते ऊन वर्षानुवर्षं पुरवलं. हळदीकुंकवाला कोणी आलं की आधी माझी ओळख, मग ते ऊन. "हिच्या बापानं आमाले उन्हात उभं केलं, पाणीसुदा उचलून नेलं बाप्पा." मी चहा गाळत ऐकत असे. पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा मी तुम्हाला ते जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. निघायच्या दिवशी माझ्या पिशवीवर एक नवी कोरी काळी छत्री ठेवलीत, लांब दांड्याची. "घे. तुह्या सासूले दे. ऊन लागते म्हणे." मला वाटलं आता घरात महाभारत होणार. पण दिली नेऊन, तुमच्याच शब्दांत दिली. सासूबाई पोट धरून हसल्या. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. ती छत्री घेऊन त्या शेवटपर्यंत बाजाराला जायच्या, आणि उन्हाची गोष्ट त्यानंतरही सांगायच्या, फक्त छत्रीपर्यंत आणून सोडायच्या.

त्याच दिवाळीत तुम्ही मला ते एकदाच सांगितलंत. परसात सुतळीचा गुंता सोडवत बसला होतात. मी विचारलं की ही शर्त काढली कोणी, आणि काहून. तुम्ही वर न पाहता म्हणालात की तुमची आई गेली तेव्हा असाच उन्हाळा होता, आणि गावात एकच बिछायतवाला होता. तुम्ही त्याच्या दारी गेलात, एक ताडपत्री द्या म्हणालात. तो म्हणाला, शुभाचं सामान मयतीले देत नाही. मग तुम्ही ओट्यासमोर बल्ल्या उभ्या केल्या आणि आजीचंच लुगडं वर बांधून तिच्यावर सावली धरली. "मंग म्या ठरवलं," तुम्ही म्हणालात, "आपलं सामान पयले मयतीचं. लगन उरलेल्यात." एवढं बोलून तुम्ही मला सुतळीचं दुसरं टोक धरायला दिलंत. मला वाटत होतं की आता तरी तुम्ही म्हणाल, पोरी, तुझ्या वेळी वाईट वाटलं. तुम्ही म्हणालात, नीट धर, ढील देऊ नको.

आणि मग तुम्ही गेलात, तेही भर हंगामात. मी काटोलहून पोचले तेव्हा तुम्हाला ओट्यावर ठेवलं होतं आणि अंगणात लोक भिंतीच्या कडेला जेवढी सावली होती तेवढ्यात चिकटून उभे होते. गोदामात काही नव्हतं. सगळं सामान वरच्या आळीतल्या लग्नासाठी मैदानावर लागलं होतं, आणि शर्त सांगून ते उचलणारा माणूस तर समोर निजला होता. कोणाच्या लक्षात येणार? मी पायरीवर बसून होते. तेवढ्यात नदीकडच्या वाटेनं माणसं येताना दिसली. डोक्यावर खुर्च्या, खांद्यावर दऱ्या, दोघांतिघांत मिळून ताडपत्रीची वळकटी. अंगावर लग्नाचे कपडे, कपाळाला कुंकू. सर्वांत पुढे नवरीचा बाप. तो माझ्यासमोर सामान ठेवून म्हणाला, "पोरी, म्या त्याईले उचला म्हटलं होतं. आता थे तं उचलाले येत नाहीत, म्हणून आमीच आणलं." त्यांनीच बल्ल्या रोवल्या, त्यांनीच ताडपत्री ताणली, आणि हात धुऊन परत लग्नाला गेले. बाबा, मी त्या ताडपत्रीखाली बसले आणि मला पहिल्यांदा कळलं की सावली म्हणजे काय असतं. तेराव्याला मी तुमच्या जावयांना सांगितलं की काटोलचं आता पुरे, मी बिछायत चालवणार. ते म्हणाले, तुला बल्ली उचलेल का? मी म्हटलं, शिकेन.

आता ह्या हंगामाचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथून सुरू झाली. एक गिऱ्हाईक होतं, मूळ गावचंच, पण नागपुरात जाऊन मोठं झालेलं. मुलाचं लग्न त्याला नदीकाठी हवं होतं, फोटो चांगले येतात म्हणून. शर्त सांगितली तेव्हा तो हसत हसत "उचला, उचला" म्हणाला. मी म्हटलं, भाऊ, हसू नका, परत म्हणा. परत म्हणाला. लग्नाच्या दुपारी विणकरांच्या आळीत एक म्हातारे गेले, गल्ली अरुंद, घरात माणूस मावेना, सगळे रस्त्यावर उन्हात. मी शिडी घेऊन गेले. तो माणूस शिडीच्या आडवा उभा राहिला. "ताई, पुण्याचे पाहुणे आहेत माझे. मी तोंड कुठं लपवू?" मी म्हटलं, तुम्ही दोनदा म्हटलं होतं. तो म्हणाला, "नुसतं म्हणाले का जाते? असं कोणी म्हणते म्हणून खरंच करते का?" मला तुमची इतकी आठवण आली की विचारू नका. माझा आवाज चढला, चारचौघांत चढला, आणि मी म्हटलं की भाऊ, बाजूला व्हा, नाहीतर तुमच्यासकट शिडी उचलेन. तेवढ्यात पुढच्या रांगेतून नवरदेवाची आजी उठली. आपली खुर्ची तिनं पायानं माझ्याकडे सरकवली. "घेऊन जाय वं बाई. माह्याच वयाचं कोणी गेलं असंन." आजी उठली तशी मग मागची रांग उठली.

त्या माणसानं नागपूरभर सांगितलं की खाप्याला लग्न करू नका, डोक्यावरचा मांडव काढून नेतात. काढून नेतात, खरं आहे त्याचं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी येऊच नये, मी बोलवायला जात नाही. पण त्या दुपारी तुमची नात सुट्टीवर होती आणि मैदानावर मला मदत करत होती. तिनं सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर मुगवड्या घालताना तिनं विचारलं, "आई, आत्ताच सांग. माझ्या लग्नात कोणी गेलं तर?" मी वाटलेल्या डाळीत हात तसाच ठेवला. ती म्हणाली, "आजोबांनी तुझ्याशी काय केलं ते तू अजून रडून सांगतेस. मग माझ्याशी तेच करशील?" मी म्हटलं, रडून नाही सांगत, रागानं सांगते. "तेच ते. नागपूरच्या महालातून माझ्या सासरची माणसं येणार आहेत, माझ्या ऑफिसची येणार आहेत. फक्त एकदा म्हण की नाही करणार." किती सोपं होतं, बाबा. नाही करणार, दोन शब्द. पण गावातल्या एवढ्या बापांकडून मी "उचला" वदवून घेतलं, त्यांच्या पोरींच्या डोक्यावरून ताडपत्री सोडली, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी शर्त खिशात घालू? मग विणकरांच्या आळीत मी कोणत्या तोंडानं गेले होते? मी तिला म्हटलं, मी तसं म्हणणार नाही. ती उठून गेली. मुगवड्या मी एकटीनंच घातल्या, वेड्यावाकड्या झाल्या.

बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. लग्न नागपूरच्या एखाद्या हॉलमध्ये करावं असं तुमच्या जावयांनीही सुचवून पाहिलं. मी म्हटलं, तिला हवं असेल तर करू, मी अडवणार नाही. पण खाप्यात झालं तर शर्तीवर होईल. मग एका सकाळी ती इथं गोदामात आली. मी गंज मोजून लावत होते. ती गिऱ्हाइकाच्या बाकावर बसली, पर्स मांडीवर घेऊन, आणि म्हणाली, "मला मैदान पाहिजे. आणि सामान." मी हात पुसले. तिला पाणी दिलं. तारीख विचारली, जशी मला माहीतच नव्हती. आणि मग तुमचं वाक्य म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती माझ्याकडे रोखून पाहत होती. नाक तुमचंच आहे तिचं. "उचला," ती म्हणाली. मग म्हणाली, "हसत म्हटलं नाही मी. परत म्हणायला लावू नकोस." आणि पाणी न पिताच उठून गेली. मी गंजांमागे जाऊन बसले आणि पोटभर रडले.

तेव्हा ठरलं आहे, बाबा. शिडी मांडवाच्या मागे उभी राहील. कोणी गेलं तर मी चढेन, माझ्या हातानं एकेक गाठ सोडेन, नव्या लुगड्यात सोडेन, आणि व्याही विचारतील तर सांगेन की नवरीला विचारलं, ती म्हणाली, उचला. कोणाला हात लावू देणार नाही. ह्यात आता काही फिरायचं नाही.

एक गोष्ट मात्र आहे. काल मी बसनं सावनेरला गेले आणि तिथल्या बिछायतवाल्याकडे गिऱ्हाईक म्हणून बसले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं विचारलं, "ताई, तुमच्याकडं सामान नाही का?" मी म्हटलं, सगळं बाहेर लागलं आहे, आणि ते त्या तारखेला खोटं आहे, कारण त्या दिवशीसाठी मी कोणाचंच काम घेतलेलं नाही. मी त्याच्याकडून मोठी ताडपत्री सांगितली, खुर्च्या, दऱ्या, ड्रम, सगळा मांडव सांगितला. तिचं लग्न त्याच्या सामानाखाली होईल आणि आपलं सामान इथं गोदामात शाबूत राहील. कोणी गेलं तर इथून जाईल. तिच्या डोक्यावरचं सगळ्यात आधी उचलायला लागू नये म्हणून. शर्त मोडली नाही मी, शर्तीला बगल दिली. इथलं पुरलं नाही तर शिडी आहेच. सगळं ठरलं तरी मी बाकावरून उठेना. त्यानं विचारलं, अजून काही? मी वाट पाहत होते. शेवटी मीच म्हटलं, "अन् मयत झाली तर?" तो बिचारा दचकला. म्हणाला, "ताई, शुभ बोला. लग्नघर आहे तुमचं."

परत येताना बसमध्ये मला कळलं की शिडीवरून तुम्ही माझ्याकडे का पाहिलं नाहीत. पाहिलं असतं तर दोर सुटला नसता तुमच्यानं. तेव्हा गावात दुसरा बिछायतवाला असता, तर तुम्हीही गुपचूप त्याच्या बाकावर जाऊन बसला असता का? मला वाटतं बसला असता. हा कागद मी पितळी गंजात टाकून ठेवते, ते गंज आता कोणी मागत नाही. सावनेरचं हे मी पोरीला सांगितलेलं नाही, तुमच्या जावयांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कोणाला सांगणार नाही.